सात चिमट्यांचा टॉवेल

माझ्या भावजयीला मी आठ महिने दुष्ट म्हणत होते. पाठीमागे तर म्हणायचेच, दोनदा तोंडावरही म्हटलं. आता हे सांगायला बसलेय ते कुणी विचारलं म्हणून नाही. मनावरचं ओझं उतरत नाही, म्हणून.

मी अठ्ठावीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होते. त्यामुळे आवाज मोठा, आणि समोरचा काय म्हणतोय ते ऐकायच्या आधी ‘पुढे सरका’ म्हणायची सवय. निवृत्त झाले तरी इमारतीत मी कंडक्टरबाईच. पहिल्या मजल्यावर एकटी राहते. माझ्या बरोबर डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर, माझा धाकटा भाऊ आणि त्याची बायको. मूलबाळ नाही.

भाऊ दुकानांच्या पाट्या रंगवायचा. सगळे त्याला पेंटर म्हणतात, मीसुद्धा. भावजय एका मोठ्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत आहे. सकाळी सात ते तीन, सगळं काम उभ्याने. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे गाऊन. हाताला घडीची इतकी सवय की बोलता बोलता हातातल्या कागदाची चौकोनी घडी होऊन जाते. म्हणून लग्नानंतर आठवड्यातच पेंटरने तिचं नाव घडीवाली ठेवलं, ते चिकटलं. बोलायचं म्हणाल तर एका शब्दात भागत असेल तिथं ती दुसरा खर्च करणार नाही. माझ्या अगदी उलट.

दीड वर्षापूर्वी पेंटर एका दुकानासमोर शिडीवरून खाली उतरला, पायरीवर टेकला आणि त्याला उठता येईना. उजवी बाजू गेली. पाय महिनाभरात थोडा सुधारला, काठी धरून घरातल्या घरात चालायला लागला. बोलणं जरा जड झालं, पण कळायचं. हात मात्र मूठ वळून पोटाशी चिकटून बसला. ज्या हाताने तो पट्टी न लावता सरळ रेघ मारायचा, तो हात.

हॉस्पिटलमधल्या व्यायामाच्या मुलीने एक कागद दिला, चौदा व्यायामांचा, चित्रांसकट. सुरुवातीला काय तो उत्साह! शेजारी येऊन टाळ्या वाजवायचे, मी आकडे मोजायचे, पेंटर घाम पुसत हसायचा. नव्याचे नऊ दिवस. मग शेजारी यायचे थांबले. मग ‘आज राहू दे, उद्या दोनदा करतो’ सुरू झालं, आणि तो उद्या काही उगवला नाही. कागद भिंतीवर पिवळा पडला आणि पेंटर त्याच्याकडे पाठ करून बसायला लागला. मी ओरडले. घडीवालीने हातापाया पडून बघितलं, अबोला धरून बघितला, एकदा रडलीसुद्धा. तो नुसता म्हणायचा, “मनच होत नाही गं. मन झालं की करीन.”

दाढी ती करायची, बटणं ती लावायची, घास ती भरवायची, खुर्चीतून उठवायचं तर काखेत हात घालून तीच. आणि हे सगळं आठ तास उभं राहून आल्यावर. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. मी बघत होते, पण माझं लक्ष भावाकडे. खरं ते सांगते.

मग एका रविवारी त्यांच्या घरात दिवसभर सामान सरकवल्याचे आवाज आले. दुसऱ्या दिवशी मी वर गेले तर घराची पार दशा! चहाची पातेली ओट्यावर, पण कप बाहेरच्या खोलीतल्या फळीवर, तेही खांद्याच्या वर. खुर्ची पंख्याच्या बटणापासून चांगली पाच पावलं लांब. खुर्चीची गादी गायब. न्हाणीघराकडे जाताना भिंतीला एक दोरी ठोकलेली, उजव्या हाताला. आणि टीव्हीच्या रिमोटमधले सेल काढून एका फिरकीच्या झाकणाच्या बरणीत ठेवलेले. पेंटरला टीव्ही बघायचा तर आधी ती बरणी उघडायची.

“हे काय गं?” मी म्हटलं. “घर आहे की अडथळ्यांची शर्यत?”

“असू दे वन्सं,” ती म्हणाली. वन्सं म्हणजे मी. नणंद ना.

तेवढ्यात पेंटर अंघोळ करून न्हाणीघराच्या दारात आला. टॉवेल दारालगतच्या तारेवर होता. पण एका टॉवेलला सात चिमटे! लाकडी, कडक स्प्रिंगचे, लाँड्रीतले. पेंटर ओलाचिंब उभा, डाव्या हाताने दोरी धरलेली, आणि उजव्या हाताच्या त्या वाकड्या बोटांनी पहिला चिमटा दाबायची खटपट करतोय. पाण्याचे थेंब टपटप गळतायत. घडीवाली त्याच्याकडे पाठ करून भांडी विसळतेय.

“अगं, तो गारठून मरेल! सात चिमटे कशाला? घरात वादळ येणारेय का?”

“निघतील,” ती म्हणाली.

मी पुढे झाले आणि फटाफट सातही चिमटे काढून टॉवेल त्याच्या अंगावर टाकला. आणि तिला म्हटलं, “दुष्ट आहेस तू.” दुसऱ्या दिवशी परत सात चिमटे.

तिने शर्टांचं काय केलं तेही मला उशिरा कळलं. सगळ्या शर्टांची बटणं उसवून कोटाची मोठी बटणं लावली, त्याप्रमाणे काजं मोठी केली. दोन महिन्यांनी ती काढून जरा लहान. मग आणखी लहान. मला वाटलं, बाईला शिवणाचं वेड लागलं. पेंटरला ती व्यायाम करा म्हणायची बंद झाली. वाहवा नाही, राग नाही, चौकशीसुद्धा नाही. फक्त एक होतं. ज्या दिवशी तो अगदीच गळून बसायचा, त्या दिवशी ती कामावर जाताना एवढंच म्हणायची, “आज नुसती बरणी उघडा. बाकी राहू दे.” आणि बरणी तो उघडायचाच, कारण टीव्ही बघायचा असायचा.

आठ महिने असे गेले. यात सांगण्यासारखं काही घडलं नाही. रोज तेच. ती थकलेली यायची, तोही थकलेला असायचा, दोघं गप्प बसून चहा प्यायचे. पण तो चहा आता तो करायचा, हे माझ्या लक्षातच आलं नाही. माणसाच्या डोळ्यांवर पट्टी असली की समोरचा हत्तीसुद्धा दिसत नाही.

या सगळ्यामागे एक कारण होतं. ओल्या चादरींचे गठ्ठे उचलून उचलून तिला हर्निया झाला होता. ओटीपोटात लिंबाएवढी गाठ. डॉक्टर म्हणाले, लवकर ऑपरेशन करा, आतडं अडकलं तर जिवावर बेतेल. आणि ऑपरेशननंतर सहा आठवडे काही म्हणजे काही उचलायचं नाही. घरात उचलायला कोण? तर हा सहा फुटी नवरा. तिने ऑपरेशनची तारीख तीनदा पुढे ढकलली. तिसऱ्या वेळी मी चिडले. “आता काय मुहूर्त बघतेस का?”

“वरचं बटण अजून लागत नाही त्यांना,” ती म्हणाली.

“त्याच्या बटणाचा आणि तुझ्या पोटाचा काय संबंध?”

तिने माझ्याकडे बघितलं. समजावून सांगायला लागणारं त्राण तिच्याकडे नव्हतं, हे आता कळतं. तेव्हा मला वाटलं, घुमी आहे.

वरचं बटण लागलं त्या आठवड्यात ती हॉस्पिटलात भरती झाली. जाताना मला म्हणाली, “वन्सं, जेवण तेवढं द्या. बाकी ते करतात.” मी मान हलवली. पण तिची रिक्षा कोपऱ्यावर वळली आणि मला जो काही हुरूप चढला म्हणून सांगू! म्हटलं, बिचारा माझा भाऊ, आता दहा दिवस तरी सुखाने राहू दे.

पहिल्याच दुपारी मी पदर खोचला. कप ओट्यापाशी आणले. खुर्ची पंख्याजवळ ओढली, माळ्यावरची गादी शोधून तिच्यावर घातली. सेल रिमोटमध्ये बसवले. दोरी दिसायला घाण दिसत होती, खिळ्यांसकट उपटली. टॉवेल खुंटीला. सकाळी मीच शर्ट घालायचे, बटणं लावायचे, चहाचा कप हातात द्यायचे, त्याच्या डाव्या हातात. आणि घरसुद्धा असं लख्ख केलं की शेजारीण म्हणाली, कंडक्टरबाई, घराला घरपण आणलंत. मी फुगले.

पेंटर पहिल्या दिवशी म्हणाला होता, “ताई, राहू दे, मी घेतो.” दुसऱ्या दिवशी जरा हळू म्हणाला. तिसऱ्या दिवशी काही म्हणाला नाही. जखमेत थोडा पू झाला म्हणून घडीवालीला त्यांनी अकरा दिवस ठेवून घेतलं. अकराव्या दिवशी पेंटरचा हात परत मूठ वळून पोटाशी गेला होता, आणि खुर्चीतून उठायला त्याला माझा हात लागत होता. मला वाटलं, बायकोच्या काळजीने असेल.

ती घरी आली, एका हाताने पोट धरून, एकेक पायरी थांबत. दारात उभी राहिली. तिची नजर फळीवर गेली, भिंतीतल्या खिळ्यांच्या भोकांवर गेली, खुंटीवरच्या टॉवेलवर गेली. मग नवऱ्याच्या मुठीवर. मी कौतुकाची वाट बघत उभी! ती भिंतीला टेकून खाली बसली, तिथंच, फरशीवर, आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आवाज नाही, काही नाही. नुसतं पाणी.

“अगं, काय झालं? दुखतंय का?”

तेव्हा ती बोलली. आमच्या वीस वर्षांत ती माझ्याशी इतकं कधी बोलली नव्हती.

“वन्सं, मी त्यांना छळत नव्हते. त्यांना रोज सांगायचं, समजवायचं, हुरूप द्यायचा, तो माझ्याकडे होता कुठं? त्या एका रविवारी अंगात थोडं त्राण होतं. म्हटलं, आजच घर असं लावून ठेवावं की उद्यापासून मला काही म्हणायला नको आणि त्यांना काही ठरवायला नको. आमच्या लाँड्रीत तसंच असतं. मळकं एका दाराने आत येतं, धुतलेलं दुसऱ्या दाराने बाहेर जातं. मधल्या बाईला आज काम करावंसं वाटतंय का, हे कोण विचारतं? समोर येतं, हात चालतात. घरी तेवढंच केलं होतं मी. आता परत लावायचं तर मला वाकता येत नाही.”

मला तोंड लपवायला जागा नव्हती. करायला गेले एक आणि झालं भलतंच. मी म्हटलं, “उद्या सकाळी येते आणि सगळं होतं तसं करते.” ती म्हणाली, “बरं.” तिला तेवढंही बोलवत नव्हतं.

सकाळी मी खाली चहा पीत होते. उद्या सकाळी म्हणजे नऊ वाजता, असा माझा हिशेब. आठच्या सुमाराला वरून तिची किंकाळी आली. धावत गेले. पेंटरला त्या मऊ गादीच्या खुर्चीतून उठता येत नव्हतं, संडासला जायची घाई झाली होती. त्याने मला हाक मारायच्या आधी ती उठली आणि सवयीने त्याच्या काखेत हात घातले. टाके उसवले. ती खुर्चीच्या दांड्याला धरून वाकलेली, गाऊनवर रक्त, आणि पेंटर अर्धवट उठलेला, एका हाताने तिला धरायचं म्हणतोय तर काठी सुटतेय. त्याच्या तोंडातून नुसतं “अगं, अगं” एवढंच निघत होतं.

दुसरं ऑपरेशन. या वेळी डॉक्टर मोठ्याने बोलले, आणि मीसुद्धा खाली मान घालून ऐकलं.

त्या दुपारी हॉस्पिटलातून परत आल्यावर मी पेंटरवर उखडले. कुणावर तरी उखडायला हवं होतं ना. “तुला कळत नव्हतं का रे, ती ते सगळं कशासाठी करत होती?”

“कळत होतं.”

“मग मला सांगायला तुझी जीभ झडली होती?”

तो म्हणाला, “ताई, तू हातात दिलंस, मी घेतलं. बरं वाटत होतं गं.” आणि रडला. त्याला मी लहानपणानंतर रडताना बघितलं नव्हतं. मी त्याच्यापाशी बसले.

कोणती वस्तू कुठं होती, हे त्याला इंचाइंचाने पाठ होतं. मी गादी माळ्यावर टाकली. हातोडी मी धरली, दोरी त्याने धरली. कप फळीवर त्यालाच ठेवायला लावले. दोन फुटले, तिसरा बसला. टॉवेलला सात चिमटे त्याने स्वतः लावले, लावायलाच अर्धा तास गेला. दुसऱ्या दिवशी अंघोळ करून बाहेर आला, ओलाचिंब, आणि पहिला चिमटा दाबायला लागला. मी माझे दोन्ही हात पाठीमागे घेऊन एकमेकांत गुंतवून उभी. आयुष्यात इतकं अवघड काम केलं नाही. भर गर्दीत उभ्याने तिकिटं फाडली, भांडणं सोडवली, पण नुसतं उभं राहून बघायचं? त्या दिवशी तीनच निघाले, मग तो थरथरायला लागला. उरलेले चार मी काढणार होते. तो म्हणाला, “नको. तू खाली जा.” गेले.

सोळा दिवस झाले. घडीवालीला घरी सोडायच्या दिवशी आम्ही दोघं गेलो. पेंटर हॉस्पिटलचे दोन जिने काठीने चढला, मधे तीनदा थांबला. नर्सच्या हातात फॉर्म होता. तिने विचारलं, “घरी यांची काळजी कोण घेणार? उचलणं, वाकणं अजिबात बंद आहे. दिवसभर कुणीतरी लागेल.”

मी तोंड उघडलं होतं. पेंटर म्हणाला, “मी.”

नर्सने त्याची काठी बघितली, हात बघितला, आणि माझ्याकडे बघितलं. मी घडीवालीकडे बघितलं. ती आणखी वाळली होती. ती नवऱ्याच्या हाताकडे बघत होती. मूठ अजून पुरती उघडत नव्हती, पण पोटाशी नव्हती, बाजूला लोंबत होती. त्याच्या शर्टाचं वरचं बटण लागलेलं नव्हतं. खालची सगळी लागलेली होती, एक चुकीच्या काजात.

“लिहा यांचंच,” ती नर्सला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “वन्सं, रागावू नका. पण दहा दिवस तुम्ही वर येऊ नका. जेवण दारात ठेवा. लागलं तर आम्ही हाक मारू.”

दुसरी वेळ असती तर मी तिथंच तिची हजेरी घेतली असती. सख्ख्या भावाच्या घरात मला बंदी! पण म्हटलं, “बरं.” तिच्यासारखंच, एका शब्दात.

आज चौथा दिवस. सकाळपासून मी खाली बसून डोक्यावरचे आवाज ऐकतेय. काठीचा ठोका, मग घसटत येणारा पाय, मग काठीचा ठोका. ओट्यापासून बाहेरच्या फळीपर्यंत एक फेरी. परत ओट्यापर्यंत. चहा चाललाय. ज्या कामाला मला तीन मिनिटं लागतात, त्याला पंचवीस झाली. तेवढ्यात धाडकन काहीतरी पडलं, पातेलं असावं, ते फरशीवर गरगर फिरत राहिल्याचा आवाज आला, आणि त्याची शिवी. मी चप्पल न घालता दार उघडून जिन्यावर पोचले. अर्धा जिना चढले असेन, तर वरून पलंग करकरला. ती उठत होती.

“उठू नकोस!” पेंटरचा आवाज, जड, पण मोठा. “झोप तू. मी परत ठेवतो.”

पलंग परत करकरला, मग शांत झाला. नळ सोडल्याचा आवाज आला. मी कठडा धरून थोडा वेळ उभी राहिले आणि खाली आले.